पिन पुन्हा सरकली

सकाळच्या पहिल्या पिनवर ताई पोहोचली आणि बघते तर तिथे घरच नव्हतं. रस्ता संपला होता. पुढे विटांचा ढीग, सिमेंट कालवून टाकून दिलेलं एक पिंप, आणि काम अर्ध्यावर थांबलेली तीन मजली इमारत. ना दारं, ना खिडक्या. आतून कबुतरं फडफडली, तेवढाच काय तो आवाज.

तिने स्कूटर स्टँडला लावली आणि मोबाईल पुन्हा पाहिला. निळा ठिपका म्हणजे ती स्वतः. लाल पिन म्हणजे पेशंट. दोन्ही एकमेकांना अगदी चिकटून होते. ॲपचं ऐकायचं तर ती पेशंटच्या उशाशीच उभी होती.

ताई एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. लॅबमधले, पेशंट, गल्लीतले, सगळेच तिला ताई म्हणत. अगदी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आजोबासुद्धा. हात हलका होता तिचा. सुई टोचली कधी आणि काढली कधी, कळायचं नाही. दिवसभराच्या पेशंटांच्या लाल पिना तिला नकाशावर दिसत, काम झालं की पिन हिरवी होई. शिवाय स्वतःच्या म्हणून तिने काही पिना ठोकून ठेवल्या होत्या: ‘कुत्रा चावरा, आधी फोन करणे’, ‘लिफ्ट कायम बंद’, ‘आजोबांची शीर पळते, उजवा हात बघावा’. आणि या सगळ्या पसाऱ्यात तिचा तो निळा ठिपका दिवसभर फिरत राहायचा.

पेशंटलाही तो ठिपका दिसायचा. ताईने घरातून ‘निघाले’ हे बटण दाबलं की पेशंटच्या मोबाईलवर ठिपका उमटे आणि रक्त घेऊन होईपर्यंत राही. “उपाशीपोटी बसलेल्या माणसाला ठिपका हलताना दिसला की धीर येतो,” असं लॅबचे सर म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

ही ऑर्डर मुद्दाम तिच्या नावाने आली होती. “वयस्कर बाई आहेत, एकट्या असतात, तुम्हीच हव्यात असं लिहिलंय,” असं सरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. “तुमची कीर्ती पसरतेय, ताई.” तिलाही बरं वाटलं होतं. कोणाला वाटणार नाही?

तिने नोंदवलेल्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ वाजला, मग कोणीतरी उचलला.

“हॅलो आजी, मी लॅबमधून आलेय. तुमचं घर सापडत नाहीये.”

पलीकडे कोणी बोललं नाही. मात्र माणूस होता. श्वास ऐकू येत होता आणि मागे गाड्यांचे हॉर्न.

“आजी? ऐकू येतंय का?”

फोन ठेवला गेला. आणि पाठोपाठ मोबाईल थरथरला: ‘आपल्या रुग्णाने ठिकाण बदलले आहे.’ लाल पिन तिच्या ठिपक्यापासून सुटून नकाशावर बरीच मागे जाऊन पडली होती. खाली पेशंटने लिहिलेली सूचना: ‘वृद्ध रुग्ण. घाई करू नये.’

म्हाताऱ्या माणसाचं बोट, कुठेही पडतं, असं म्हणत तिने स्कूटर वळवली. पिन एका पेट्रोल पंपाजवळ होती. ती पंपापर्यंत पोहोचायच्या आतच पिन पुन्हा सरकली. आता ती कपड्यांना इस्त्री करणाऱ्याच्या टपरीजवळ दिसत होती, कालव्यावरच्या पुलाच्या पलीकडे.

तेव्हा मात्र ताईच्या लक्षात आलं. पंप तिने सकाळी येतानाच ओलांडला होता. त्याआधी तो पूल. त्याआधी ती टपरी. सकाळी ती ज्या रस्त्याने आली होती, त्याच रस्त्याने पिन उलटी चालली होती. तिच्या घराकडे.

तिने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद करायचंही सुचलं नाही. नकाशाकडे बघत ती तशीच बसून राहिली, आणि तिच्या डोळ्यांदेखत पिन तिसऱ्यांदा उचलली गेली आणि तिच्याच घरावर, टेलरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांवर येऊन बसली.

घरात तिची धाकटी बहीण मनी होती. आणि मनीची मुलगी भिंगरी.

मनी नवऱ्याला सोडून आली होती. म्हणजे पळून आली होती, खरं तर. नवरा दिसायला देखणा, वागायला अदबशीर. लग्नात सगळे म्हणाले होते, पोरीने नशीब काढलं. हात उगारायचा तोही मोजून मापून, जिथे कपड्याखाली झाकलं जाईल तिथेच. पण मनी सांगायची की माराचं तिला एवढं काही वाटायचं नाही, भीती वाटायची ती मोबाईलची. त्याने तिच्या मोबाईलच्या नकाशात स्वतः चार पिना ठोकून दिल्या होत्या. घर, वाण्याचं दुकान, भिंगरीची बालवाडी, दवाखाना. तिचा ठिपका या चार पिनांच्या मधेच दिसला पाहिजे. एकदा बालवाडीतल्या एका आईने तिला घरी नेलं, पाचवी जागा झाली, तर संध्याकाळी आल्या आल्या त्याने विचारलं, “तिथे काय आहे?” ती म्हणाली, “काही नाही, पाणी प्यायले.” ते पाणी तिला किती महागात पडलं ते तिने ताईला दंड दाखवून सांगितलं होतं.

ती आली तेव्हा ताईने पहिल्यांदा तिचा मोबाईल बंद केला, आणि त्याच आठवड्यात राहती जागा बदलली. नवा पत्ता कोणाला दिला नाही, मामालाही नाही. मनीने गॅलरीत यायचं नाही, दार कोणालाही उघडायचं नाही, असं ठरलं. सगळ्या फटी बुजवल्या होत्या. स्वतःच्या हातातला ठिपका मात्र तिच्या डोक्यातच आला नव्हता. रोज सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून, चहाचा कप विसळता विसळता ती ‘निघाले’ दाबत होती.

आता तिला सगळं कळलं. अर्ध्या बांधलेल्या इमारतीवरची पिन, तिला लांब पाठवायला. आणि ठिपका कुठून निघतो ते बघायला. आता पिन मागे मागे सरकवून तो तिला घरी बोलावत होता.

स्क्रीनवर खाली एक बटण होतं: ‘रुग्ण सापडला नाही’. ते दाबलं की ऑर्डर रद्द, मग त्याला तिचा ठिपका दिसणार नव्हता. तिचा अंगठा बटणाच्या वर येऊन थांबला. ठिपका गेला की पिनही जाणार. मग तो कुठे आहे, हे तिलाही कळणार नव्हतं. तिने अंगठा मागे घेतला आणि टेलरकाकूंना फोन लावला.

टेलरकाकू खाली दुकानाच्या मागच्याच खोलीत राहायच्या. तोंडाने फटकळ, पण जीवाला जीव देणाऱ्या.

“काकू, वर कोणी आलंय का बघा ना.”

“बघायचं काय, आलंय की. जिन्यात बसलाय. ताईंचा नातेवाईक आहे म्हणाला, वाट बघतो म्हणाला. बोलायला लाघवी आहे गं. चहा टाकलाय त्याच्यासाठी.”

“काकू, तो मनीचा नवरा आहे.”

पलीकडे गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. काकूंचा आवाज एकदम खाली गेला. “अगं बाई.”

“तुम्ही त्याला काही बोललात का? मनीबद्दल?”

“त्याने विचारलं, ताईंकडे पाहुणे आहेत का. मी म्हटलं, मी लोकांच्या बाह्या कापते, पाहुणे मोजत नाही.” मग त्या म्हणाल्या, “मी जाऊ का वर? कात्री घेऊन जाते.”

“नको! काकू, नको. तुम्ही शटर आतून ओढून घ्या. फक्त तो उठला की मला सांगा.”

मग तिने पोलिसांचा नंबर फिरवला. बोलणारा माणूस शांत होता, प्रश्नही बरोबर विचारत होता, पण प्रत्येक उत्तराबरोबर तिचा धीर सुटत गेला. मारहाण झाली का? नाही. दार तोडलं? नाही. शस्त्र दिसतंय? नाही. मग काय करतोय?

“बसलाय,” ताई म्हणाली.

“बसलाय?”

“जिन्यात बसलाय.” स्वतःच्याच कानाला ते किती बावळट वाटलं. “साहेब, तो तिला मारून टाकेल हो.”

“पत्ता सांगा. गाडी मोकळी झाली की पाठवतो.”

तिने पत्ता सांगितला. फोन ठेवला न ठेवला तोच वाजला. आजींचा नंबर.

“ताई,” मनीचा नवरा म्हणाला. आवाज तोच, साखरेत घोळवलेला. “मध्येच का थांबलात? बराच वेळ झाला, ठिपका हलत नाहीये. गाडी बिघडली का?”

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

“भावोजी, तुम्ही...”

“मी दारातच आहे. मनी दार उघडत नाहीये. तुम्ही या. तुमचा आवाज ऐकला की उघडेल. मी काही करणार नाही, ताई, तुमची शपथ. मला फक्त माझ्या मुलीला बघायचंय.”

“मनी कुठे आहे? ती माझ्याकडे नाही.”

“बाहेर लहान सँडल आहेत. गुलाबी.” तो हसला. “तुमच्या मापाच्या नाहीत त्या.”

आणि मग ताईने जे केलं ते विचार करून केलं असं ती कधीच म्हणाली नाही. भीतीने तोंडातून जे पडायचं ते पडलं.

“सँडल राहिल्या असतील तिच्या,” ती ओरडली. “घाईत निघाल्या दोघी. तुम्ही बसा तिथेच! गाडी सुटेपर्यंत बसा!”

आणि तिने फोन तोडला.

तिने मोबाईल होल्डरमध्ये बसवला. गाडी. कुठली गाडी? काय बोलून बसलो आपण? मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. माणसाच्या बोलण्यावर मनीच्या नवऱ्याचा विश्वास कधीच नव्हता. बायको खरं बोलली तरी तो नकाशा उघडून बघायचा. तो आत्ताही नकाशाच बघत असणार. ताईच्या शब्दांना तो किंमत देणार नव्हता. ठिपक्याला देणार होता.

तिने स्कूटर बस स्टँडच्या दिशेने पिटाळली.

त्या रस्त्याने ती शेकडो वेळा गेली होती. पण आज तिला वाटत होतं की ती रस्त्यावरून जातच नाहीये, कोणाच्या तरी तळहातावरून चाललीय, आणि तो माणूस डोळे बारीक करून बघतोय. सिग्नलला थांबली तर वाटे, ठिपका थांबला, आता त्याला संशय येईल. वेगात गेली तर वाटे, फार पळतेय, हेही त्याला समजेल. मधेच विचार आला, तो उठलाच नाही तर? त्याने दारावर एक खांदा मारला तर? कडी जुनी होती, ताईने स्वतःच म्हटलं होतं, बदलायला हवी. डोळ्यांपुढे मनी दिसत होती, दाराला पाठ लावून बसलेली.

मोबाईल वाजला. टेलरकाकू.

“उठला गं! जिन्यावरून धडाधडा उतरला. मोटरसायकल काढली. गेला!”

“कुठल्या बाजूला?”

“पुलाच्या. अगं, तोंड बघायला हवं होतंस त्याचं. मगाशी एवढा गोड बोलत होता...”

ताईला रडू फुटलं, सुटकेचं. आणि त्याच रडण्यात दुसरी भीती वर आली. मनी सुटली होती. तो आता ताईच्या मागे होता.

स्टँडच्या कोपऱ्यात पत्र्याची पोलीस चौकी होती. आत एकच महिला हवालदार, टेबलावर हजेरीचे कागद, मोबाईल चार्जिंगला. ताई आत शिरली ती हेल्मेटसकट. काय झालं ते तिने एका दमात सांगितलं, मागचं पुढे, पुढचं मागे.

“थांबा, थांबा. नवरा-बायकोचं भांडण आहे का?” हवालदारबाईंनी विचारलं.

“माझं नाही. बहिणीचं. तो येतोय इथे.”

“तुम्हाला कसं कळलं?”

ताईने मोबाईल टेबलावर ठेवला. नकाशावर निळा ठिपका होता, आणि खूप लांब लाल पिन. बघता बघता मोबाईल थरथरला. ‘आपल्या रुग्णाने ठिकाण बदलले आहे.’ पिन पुलावर आली. जिथे थांबे तिथून तो स्वतःच पिन टाकत होता, तिला बजावायला. खाली सूचना: ‘तिला थांबवा.’

हवालदारबाई खुर्चीत पुढे सरकल्या. “हा निळा कोण?”

“मी.”

“आणि लाल?”

“तो.”

दोघी बघत राहिल्या. थोड्या वेळाने पिन पुन्हा उडी मारून पुढे आली. मोठ्या चौकात. सूचना: ‘गाडी सुटली तर तुम्ही जबाबदार.’ हवालदारबाईंनी वायर काढून आपला मोबाईल हातात घेतला आणि मुख्य ठाण्याला फोन लावला. आता त्यांच्या आवाजात मघाचा कंटाळा नव्हता. “हो, बाई इथे बसल्यात. नाही, भांडण नाही, माग काढत येतोय. दोन माणसं पाठवा.”

पिन पुन्हा सरकली. स्टँडच्या गेटवर. सूचना नव्हती.

“तुम्ही इथेच बसा,” हवालदारबाई म्हणाल्या. “खिडकीतून ओळखून दाखवा.”

तेव्हा ताईने नकाशाकडे नीट पाहिलं. पत्र्याखाली आल्यापासून निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ पसरलं होतं, आणि ठिपका चौकीवर नव्हताच. तो फलाटांच्या पलीकडे, बायकांच्या प्रतीक्षालयात बसला होता. ठिपका कधीकधी असा बहकायचा. एखाद्या जुन्या इमारतीत शिरलं की शेजारच्या गल्लीत दिसायचा, पेशंट फोन करून हसायचे. तिने खिडकीतून पाहिलं. प्रतीक्षालयात बाकावर एक बाई पाठमोरी बसली होती. मनीसारखीच किरकोळ, खांद्यावर शाल, मांडीवर झोपलेलं मूल.

आणि मनीचा नवरा मोबाईल समोर धरून, फलाट ओलांडून, सरळ तिच्याकडे चालला होता.

“मॅडम, तो! मॅडम, तिकडे!”

हवालदारबाई धावल्या. पण तो पोहोचला होता. त्याने हाक मारली नाही, काही नाही. मागून जाऊन त्या बाईचं मनगट धरलं आणि एका झटक्यात पिरगाळून तिला उभं केलं. मूल मांडीवरून घसरलं. बाईने जी किंकाळी मारली ती चौकीपर्यंत आली. तिचा चेहरा त्याला दिसला असणारच. ती मनी नाही, हे त्याला कळलं असणारच. तरी तो तिला ओढत होता आणि म्हणत होता, “चल. चल घरी. चल म्हणतोय ना.” ताईने मनीच्या तोंडून कित्येकदा ऐकलं होतं, दंड पाहिला होता, विश्वासही ठेवला होता. पण तो चेहरा तिने आज पहिल्यांदा पाहिला. गोड माणसाचा चेहरा कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून टाकावा तसा तो दिसत होता.

दोन ड्रायव्हर आणि एका हमालाने त्याला मागून धरलं. हवालदारबाई पोहोचल्या तेव्हा तो पुन्हा अदबीने बोलायला लागला होता. “गैरसमज झाला. माझी बायको समजलो. मॅडम, घरगुती मामला आहे.”

“ही बायको आहे तुमची?” हवालदारबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग घरगुती कसला?”

बाई बाकाशी खाली बसली होती, मुलाला छातीशी धरून. मूल जागं झालं होतं पण रडत नव्हतं, नुसतं बघत होतं. ताई तिच्याजवळ गेली. तिने खांद्यावरची नमुन्यांची पेटी उघडली, आतली बर्फाची पिशवी काढली आणि बाईच्या सुजायला लागलेल्या मनगटावर धरली.

“कोण होता तो?” बाईने विचारलं. “मी त्याला ओळखत पण नाही. मी काय केलं होतं?”

“काही नाही,” ताई म्हणाली. “तुम्ही काही केलं नव्हतं.” त्याला इथे आणलं ते मी, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. ते तिने सांगितलंही, पण नंतर, ठाण्यात, जबाब देताना. बाईने ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाली, “माझी गाडी गेली.” तिने तक्रार मात्र लिहून दिली, डाव्या हाताने, कारण उजवा उचलत नव्हता. ती तक्रार नसती तर त्याला तासाभरात सोडलं असतं, असं हवालदारबाईंनीच ताईला बाजूला घेऊन सांगितलं. एकाही दारावर लाथ न मारलेल्या माणसावर काय लिहायचं, हा प्रश्नच होता.

ताई घरी पोहोचली तेव्हा पोलिसांची गाडी येऊन गेली होती. त्यांनी खालून हाका मारल्या, कोणी बोललं नाही, काकूंनी सगळं सांगितलं, ते वही भरून गेले. काकू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर मोठी कात्री.

“उघडत नाही गं ती,” काकू म्हणाल्या. “मी किती हाका मारल्या.”

ताई वर गेली. “मने, मी आहे.”

तिने दारावर हलकेच टकटक केलं.

“मने, ताई आहे. तो नाहीये. त्याला नेलंय पोलिसांनी.”

बऱ्याच वेळाने दाराच्या अगदी खालून, जमिनीजवळून आवाज आला. “तू एकटी आहेस?”

“एकटी आहे. खाली काकू आहेत.”

“त्याने तुला असं बोलायला लावलंय?”

“नाही गं, बाळा.”

“लहानपणी मी तुझं काय फोडलं होतं? कोणाला न सांगता?”

ताईला क्षणभर आठवेना. मग म्हणाली, “माझ्या चष्म्याची काच. आणि आईला मी सांगितलं की माझ्याच हातून फुटली.”

आत काहीतरी जड सरकवल्याचा आवाज झाला. मग आणखी काहीतरी. कडी निघाली.

मनीने दाराला कपाट लावलं होतं, कपाटाला टेबल, टेबलाला गव्हाचा डबा. भिंगरी कोपऱ्यात गोधडीवर बसली होती. तिच्या दोन्ही गालांवर बोटांचे लाल ठसे होते.

“तो दाराशी बोलत होता,” मनी सांगायला लागली. “भिंगरे, बाबा आलाय, चल फिरायला जाऊ, असं. ही ‘बाबा’ म्हणणार होती, ताई. मी तोंड दाबलं हिचं. किती वेळ दाबून धरलं होतं मलाच कळलं नाही. तो गेल्यावरही हात सोडवेना. बघ ना, काय केलं मी. मी पण त्याच्यासारखीच...”

“गप,” ताई म्हणाली. “एक शब्द बोलू नकोस.”

तिने मनीला जवळ घेतलं. मनी लाकडासारखी ताठ होती. भिंगरी उठली, आली आणि दोघींच्या मधे घुसली. “बाबा गेले?” तिने विचारलं, आणि ‘हो’ म्हटल्यावर ती आनंदली की हिरमुसली, ते ताईला कळलं नाही.

त्याला जामीन मिळाला, अर्थात. वकील चांगला होता आणि कोर्टात तो पुन्हा लाघवीच दिसला. पण मनीच्या जवळपास फिरकायचं नाही, असा हुकूम झाला, आणि आजीच्या नावाने केलेल्या खोट्या ऑर्डरचा, त्या सूचनांचा वेगळा गुन्हा लागला. लॅबच्या सरांनी आधी म्हटलं, “ठिपका बंद कसा करणार ताई, लोकांना सवय झालीय.” मग ताईने राजीनामा टेबलावर ठेवला, आणि तिच्या पाठोपाठ आणखी तिघींनी. आता ठिपका पेशंटच्या गल्लीत शिरेपर्यंत कोणाला दिसत नाही. उपाशीपोटी बसलेली माणसं चिडतात, फोन करतात, कुठे पोहोचलात विचारतात. ताई उत्तर देते.

मनी आणि भिंगरी दुसऱ्या गावी बायकांच्या वसतिगृहात राहतात. मनी तिथे स्वयंपाकघर सांभाळते आणि दुपारी कॉम्प्युटर शिकते. हुकूम कागदावर असतो, आणि मनीचा नवरा कुठे आहे हे कोणालाच नक्की माहीत नाही. वकिलाने सांगितलं, कामासाठी बाहेर गेलाय. काकूंनी ऐकलं, इथेच आहे. ज्याच्या घरी त्याने नवी खोली घेतली म्हणतात, त्या माणसाने सांगितलं, फार सज्जन आहे हो.

सुट्टी मिळाली की ताई मनीला भेटायला जाते. मोबाईल काकूंच्या दुकानात ठेवून जाते, बंद करून. दोन गाड्या बदलते, मध्ये रस्ता विचारत विचारत जाते, एकदा तर भलत्याच गावी उतरली होती आणि मनीने जेवायला थांबून थांबून शेवटी तिला खूप बोलून घेतलं. भिंगरी आता भरपूर बोलते, नको इतकं.

परतीच्या बसमध्ये ताई नेहमी सगळ्यात मागच्या सीटवर बसते. तिथे गचके फार बसतात, कंबर धरते. पण मागे कोणी नसतं, आणि चढणारा प्रत्येक माणूस तिला समोरून दिसतो.